हत्तीछाप लेंगा

थायलंडच्या आखातातल्या बेटांकडे जाणाऱ्या बोटीत चढण्याआधी धक्क्यावरची मुलगी तुमच्या छातीवर एक रंगीत स्टिकर थापते. को ताओला उतरणाऱ्यांचा रंग वेगळा, को फांगनचा वेगळा, को सामुईचा आणखी वेगळा. मग वाटेत कुणी तुम्हाला नाव विचारत नाही की गाव. छातीचा रंग बघून तुम्हाला आणि तुमच्या बोजाला योग्य त्या बेटावर उतरवलं जातं. माझ्यापुढच्या तरुणाच्या दंडावर भलंमोठं होकायंत्र गोंदवलेलं होतं. तो निमूट उभा राहून स्टिकर लावून घेत होता. मुलीनं तो जरा तिरका लावला, तर त्यानं स्वतःच नखानं उचलून सरळ केला.

मोकळं भटकायला निघालेली माणसं किती शिस्तीत वागतात हे ज्याला बघायचं असेल, त्यानं को ताओला जावं.

आम्ही दोघं या कळपात आलो ते लेकीमुळे. सुधीर बँकेच्या तपासणी विभागातून निवृत्त झाला, तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे साधीसुधी सहल होती. सहल कंपनीबरोबर गेलं की पट्टायाच्या किनाऱ्यावरही वरणभात मिळतो, याची त्यानं चार जणांकडे खातरजमा करून घेतली होती. पण लेक बंगळूरुहून फोनवर म्हणाली, "बाबा, तुम्ही दोघं चांगले धडधाकट आहात. झेंड्यामागून काय फिरता? पाठीवर बॅग टाका आणि निघा. वाटेल तिथे उतरा, वाटेल तेव्हा उठा." सुधीरची उभी हयात इतरांनी वाटेल ते केलंय का, हे तपासण्यात गेलेली. त्याला ही कल्पना एकदम आवडली. २०२३च्या नोव्हेंबरात थायलंडनं भारतीयांना व्हिसाविना प्रवेश दिल्यापासून आमच्या डोंबिवलीतल्या सोसायटीतली निम्मी माणसं तिकडे जाऊन आलीच होती. फक्त झेंड्यामागून.

आता महिना. आपल्याकडे ऑगस्टात धो धो पाऊस असतो, तेव्हा थायलंडच्या पश्चिमेकडची फुकेत, क्राबी, फी फी ही मंडळीही आपल्यासारखीच भिजत असतात. पूर्वेकडच्या आखातातली बेटं मात्र त्या दिवसांत बरीचशी कोरडी असतात. त्यांचा मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर, ईशान्येच्या वाऱ्याबरोबर येतो. म्हणजे हवामानाच्या दृष्टीनं ऑगस्ट उत्तम. पंचांगाच्या दृष्टीनं श्रावण. आम्ही मासे खाणारी माणसं, पण श्रावण पाळतो. माझ्या सासूबाई गेल्यानंतर तो मी जरा जास्तच पाळते. थोडक्यात, वर्षातल्या ज्या एका महिन्यात मी मासळीला शिवत नाही, नेमक्या त्याच महिन्यात मी अशा देशात चालले होते, जिथे मिठाच्या जागी माशाचं पाणी वापरतात.

त्यामुळे बॅग भरायला घेतली तेव्हा घरात तत्त्वाचा प्रश्न उभा राहिला. बॅकपॅकिंगचा पहिला नियम म्हणे, लागेल त्याच्या निम्मंच घ्यायचं. मी मेतकूट, लिंबाचं लोणचं, साबुदाण्याचा चिवडा, राजगिऱ्याच्या वड्या आणि छोटी किटली घेतली, हे निम्मंच होतं. सुधीरनं गोळ्यांचा डबा, कपडे वाळत घालायची दोरी, दोन विजेऱ्या आणि पासपोर्टच्या सहा छायाप्रती घेतल्या. त्या सगळ्या त्यानं स्वतःच्याच सहीनं साक्षांकित केल्या होत्या. दुकानातल्या पोरानं सांगितलं होतं की बॅगेचा पट्टा नीट आवळला की वजन खांद्यावर न येता कमरेवर येतं. ते खरंच कमरेवर आलं. पुढे मसाजवाल्या बाईला ते नेमकं कुठे आलं हे बोट ठेवून दाखवावं लागलं.

बँकॉकहून चुम्फोनला जाणारी रात्रीची गाडी मला मनापासून आवडली. दुसऱ्या वर्गाच्या शयनयानात सगळे बर्थ गाडीच्या लांबीला समांतर, मधून वाट. म्हणजे सगळाच डबा साइड लोअर आणि साइड अपर. पण खालचा बर्थ ऐसपैस आणि म्हणून त्याचं भाडं जास्त. रात्री एक कर्मचारी आला, त्यानं खटाखट सीटा ओढल्या, गादी टाकली, चादर ताणून घातली, उशीला अभ्रा चढवला आणि पडदा लावून दिला. सुधीर मदतीला उठला, तर त्यानं त्याला हातानंच बाजूला केलं. इतक्या वर्षांच्या संसारात सुधीर अंथरूण घालायला आपणहून उठलेला मी तिथे प्रथम बघितला, आणि त्या माणसानं त्याची संधी घालवली. थाई रेल्वेत दारूला २०१४पासून बंदी आहे. त्यामुळे पुढच्या बेटावर रात्र जागवायला निघालेली सगळी धिंगाणेखोर तरुण मंडळी साडेनऊला दिवे मालवून गुडुप झाली होती.

चुम्फोनला गाडी पहाटे चारच्या सुमारास सोडते आणि बोट सातला. मधले तीन तास काय करायचं, याचं उत्तर जगातल्या सर्व राष्ट्रांना एकच सापडलेलं होतं. सगळे आपापल्या बॅगेवर डोकं टेकून फलाटावर आडवे झाले होते. कुणी बॅगेचा पट्टा मनगटाला गुंडाळलेला, कुणी चपला उशाखाली. सुधीरनं आजूबाजूला नजर टाकली आणि भरल्या गळ्यानं म्हणाला, "अगं, हा तर चिपळूणचा स्टँड आहे."

आणि तो अगदीच चुकीचं बोलत नव्हता. मे महिन्यात मुंबईहून कोकणात जाताना आमच्या दोघांच्याही घरच्यांनी हेच केलेलं. खिडकीतून रुमाल टाकून धरलेली जागा, दोन सीटांच्या मध्ये उभा केलेला होल्डॉल, मांडीवर फिरकीचा तांब्या, घाटात तिघांना झालेल्या ओकाऱ्या आणि पहाटे कुठल्याशा स्टँडावर पुढच्या गाडीची वाट बघत काढलेले तास. मुक्कामी पोचल्यावर चुलत्यांच्या घरात दहा जण एका ओळीत, पंखा असलाच तर एक, आंघोळ विहिरीवर. त्याला कुणी बॅकपॅकिंग म्हणत नव्हतं, परिस्थिती म्हणत. त्या परिस्थितीतून बाहेर पडायला सुधीरनं तीस-पस्तीस वर्षं नोकरी केली, फंड साठवला आणि आता त्या फंडातून पैसे काढून तो पुन्हा फलाटावर झोपला होता. आनंदानं.

पण "अगदी आपल्या कोकणासारखं" हे वाक्य सूर्य उगवायच्या आत तो तिसऱ्यांदा म्हणाला, तेव्हा मी दंड जाहीर केला. बेटावर असेपर्यंत कोकणाचं नाव काढलं की दहा बाट. तपासणी खात्यातल्या माणसाला नियम आवडतात. त्यानं लगेच मान्य केलं आणि पळवाटा शोधायला लागला.

को ताओ म्हणजे उणापुरा एकवीस चौरस किलोमीटरचा डोंगर, समुद्रात बुडता बुडता राहिलेला. चहूबाजूंनी मोठमोठे गुळगुळीत धोंडे, वर नारळ, खाली हिरवंनिळं पाणी. देखणं आहे, प्रश्नच नाही. १८९९ साली राजा चुलालोंगकोर्न म्हणजे पाचवा राम इथे येऊन गेला आणि एका धोंड्यावर आपली मुद्राक्षरं कोरवून गेला. लोक आजही तिथे हात जोडतात. सुधीरनं त्या धोंड्याला चारी बाजूंनी फेरी मारली. किल्ल्यांवर नावं कोरणाऱ्या आपल्याकडच्या मंडळींवर त्याचा इतका राग आहे की राजाच्या अक्षरांशेजारी कुणाचा बाणानं भोसकलेला बदाम नाही ना, याची खात्री केल्याशिवाय त्याचे हात जुळेनात.

याच बेटावर १९४०च्या दशकात थायलंडमधल्या राजकीय कैद्यांना आणून ठेवलं होतं. झोपडी, डास, खारं वारं, मुख्य भूमीपासून तुटलेलं आयुष्य. शिक्षा म्हणून दिलेलं हे सगळं आम्हाला मिळालं ते दररोजच्या भाड्यानं. आमची झोपडी लाकडी खांबांवर उभी होती. एसी आणि गरम पाणी असलेल्या खोल्याही होत्या, पण "खरे बॅकपॅकर पंखा घेतात" असं कुठेसं वाचून सुधीरनं पंखा घेतला. पंखा होता, मच्छरदाणी होती, पुढे ओसरीत झुला होता. संडासात पाण्याची पिचकारीवाली नळी होती! विमानातल्या आणि विमानतळावरच्या कागदी संस्कृतीतून गेलेल्या भारतीय माणसाला ती नळी दिसली की काय वाटतं, ते युरोपियनांना समजणार नाही. थायलंडबद्दलचं माझं मत तिथल्या तिथे कायम झालं.

छपरात एक पाल होती. आपल्याकडे पाल मनात चुकचुकते. इथली टोके जातीची पाल फूटभर लांब, राखाडी अंगावर केशरी ठिपके, आणि रात्री दोन वाजता भुंकते. "टोक्-के! टोक्-के!" पहिल्या रात्री सुधीर विजेरी घेऊन उठला (दोन्ही), तिच्या तोंडावर झोत टाकला आणि दोघं बराच वेळ एकमेकांकडे बघत राहिले. शेवटी विजेरी यानं बंद केली.

अंगणात खांबावर उभं केलेलं एक छोटंसं देऊळ होतं, जागेच्या रक्षकाचं. मालकीणबाई रोज सकाळी तिथे उदबत्ती लावायच्या आणि लाल फँटाची बाटली उघडून, आत स्ट्रॉ घालून, देवापुढे ठेवायच्या. थायलंडात ही पद्धत सगळीकडे दिसते आणि मला ती फार विचारी वाटली. आपण नैवेद्य दाखवतो, तो देवानं कसा खायचा याची सोय करत नाही. सुधीर म्हणाला, "आपला राखणदार." मी हात पुढे केला. "नाव कुठे घेतलं?" तो म्हणाला. "राखणदार काय सोलापुरात असतो?" दहा बाट.

जर्मन जोडप्याची ओळख टॉवेलामुळे झाली. किनाऱ्यावर झावळ्यांच्या सावलीत मोजून चार आरामखुर्च्या होत्या आणि आम्ही केव्हाही गेलो तरी त्यांतल्या दोन खुर्च्यांवर टॉवेल पसरलेले असायचे, माणूस नाही. सुधीरनं पाळत ठेवली. पहाटे सहाला एक उंच, टक्कल पडलेला गृहस्थ येतो, टॉवेल पसरतो, चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवतो आणि परत झोपायला जातो. दुसऱ्या दिवशी सुधीर पावणेसहाला गेला आणि उरलेल्या दोन खुर्च्यांवर त्यानं माझी ओढणी आणि स्वतःचा पंचा टाकला. ते गृहस्थ आले, त्यांनी पंचा पाहिला, दगड पाहिले आणि सुधीरशी हात मिळवला. खिडकीतून रुमाल टाकणारी जात जगात आपली एकटीचीच नाही, हे कळल्यावर सुधीरला भाऊ भेटल्यासारखं झालं. हॅम्बुर्गची ही मंडळी. बाई शाळेत भूगोल शिकवायच्या, आता दोघंही निवृत्त, आणि तरुणपणापासून या बेटांवर येणारी.

बाईंचं एकच म्हणणं होतं, आता पूर्वीचं को ताओ राहिलं नाही. पूर्वी वीज संध्याकाळची काही तास असायची, रस्ते मातीचे होते, आता काय, सगळीकडे गर्दी. गंमत अशी की त्या गर्दीतल्या विशीतल्या पोरांनाही मी विचारलं, तर तीही हेच म्हणत होती. गेल्या वर्षीचं को ताओ राहिलं नाही. तिसऱ्या दिवसापासून सुधीरही समुद्राकडे बघत मान हलवायला लागला, "पूर्वीची मजा गेली."

या सगळ्यांना हवा असतो तो कुणालाही माहीत नसलेला किनारा. बाईंच्या बॅगेत अलेक्स गारलंडच्या 'द बीच' या कादंबरीची पिवळी पडलेली प्रत होती. १९९६ची ती कादंबरी याच आखातातल्या एका गुप्त किनाऱ्याची, जो थोड्याच भटक्यांना ठाऊक असतो. २०००मध्ये त्यावर सिनेमा निघाला. त्याचं चित्रीकरण मात्र पलीकडे अंदमान समुद्रात, फी फी बेटांतल्या माया बे या खाडीत झालं. मग काय, कुणालाच माहीत नसलेला किनारा बघायला सगळं जग माया बेला लोटलं. नांगर आणि माणसं पडून पडून तिथली प्रवाळं खलास झाली, तेव्हा २०१८मध्ये सरकारनं ती जागा बंद केली आणि २०२२च्या जानेवारीत बोटींना आत यायची बंदी घालून पुन्हा उघडली. आता तिथे मागच्या बाजूच्या धक्क्यावर उतरून, आखलेल्या वाटेनं चालत जाऊन, ठरलेल्या वेळेत एकांत अनुभवून परत यायचं असतं.

या स्वच्छंदी माणसांचा गणवेशही ठरलेला आहे. हत्ती छापलेला, घोळदार, पायात चुण्या असलेला नाडीचा लेंगा. बँकॉकच्या खाओ सान रस्त्यावरून बाहेर पडणारा प्रत्येक परदेशी हाच लेंगा घालून बाहेर पडतो आणि आपण थाई लोकांसारखे दिसतो असं समजतो. थाई माणूस जीन्स घालून त्याला तो लेंगा विकत असतो. सुधीरचे वडील घरात पट्ट्यापट्ट्यांचा लेंगा घालत. कॉलेजचे मित्र येणार असले की सुधीर त्यांना आतल्या खोलीत बसायला सांगायचा. त्या सुधीरनं को ताओच्या धक्क्याजवळच्या दुकानात जांभळा हत्तीछाप लेंगा घेतला, घासाघीस न करता. दुकानदारीण त्याला नाडीची गाठ दाखवायला लागली. "मला येते," तो जरा रागानंच म्हणाला.

आता जेवण. थायलंडात माझ्यासारखीसाठी एक तोडगा आहे, 'जे'. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरात लिहिलेलं असतं, आणि तिथे मांस, मासे, अंडं, दूध यांतलं काही चालत नाही. कांदालसूणही नाही. म्हणजे माझा श्रावण आणि सासूबाईंचा चातुर्मास, दोन्ही एकदम. लेकीनं तो शब्द आणि "नाम प्ला नको" (म्हणजे ते माशाचं पाणी नको) हे वाक्य थाई लिपीत फोनवर पाठवून ठेवलं होतं.

बेटावरच्या सायरी किनाऱ्याच्या रस्त्यावर एका मावशींची गाडी होती. मातीच्या उंच खलात त्या लाकडी मुसळानं कच्च्या पपईची कोशिंबीर कांडायच्या. लसूण आणि मिरच्या आधी ठेचायच्या, मग ताडगूळ, चवळीच्या शेंगा, टोमॅटो, लिंबू, आणि मुसळाच्या प्रत्येक घावाला दुसऱ्या हातातल्या चमच्यानं खालचं वर. हात बघत राहावा असा. मी रमले होते, तेवढ्यात त्यांनी सुक्या जवळ्यासारख्या कोळंबीची मूठ भरली. मी "नो, नो!" म्हणून ओरडले. मूठ परत गेली. मग त्यांनी नाम प्लाची बाटली उचलली. मी पुन्हा ओरडले. त्यांनी कमरेवर हात ठेवून माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं, आता मुसळच येतं. मी फोन पुढे केला. वाचून त्यांचा चेहरा उजळला. "जे!" त्यांनी सगळा खल उपडा केला, धुतला, आणि नव्यानं सुरुवात केली. या खेपेला लसूणही नाही. लसूण मला चालतो, तो फक्त सासूबाईंना चालत नव्हता, हे सांगायला थाईत किती वाक्यं लागतील याचा मी विचार केला आणि गप्प बसून खाल्लं. मिरच्यांच्या संख्येवर 'जे'ला काहीही बंधन नसतं.

सुधीरचा श्रावण विमानात बसल्यावरच संपला होता. त्यानं शेजारच्या गाडीवर पाड क्राफाओ मागवलं. कढई तापली, तेलात लसूण-मिरची तडतडली, खिमा पडला आणि मग बाईनं टोपलीतून हिरव्या पानांची मोठी ओंजळ उचलून त्यात टाकली. वास आला आणि मी उठून उभी राहिले. ती तुळस होती. तुळशीसारखं काहीतरी नव्हे, आपल्या वृंदावनातली तुळस, तीच जात. वर अर्धवट तळलेलं अंडं ठेवून ते ताट सुधीरपुढे आलं.

"अरे, तुळस आहे ती," मी म्हणाले.

"मग प्रसादच," असं म्हणून त्यानं चमचा घातला. ज्या माणसाला खोकला झाला तरी तुळशीचा काढा घशाखाली उतरत नाही, त्यानं दुसरी प्लेट मागवली.

स्कूटर मी चालवली. डोंबिवलीत रोज अ‍ॅक्टिव्हा चालवणाऱ्या बाईला को ताओचे चढ काही विशेष नाहीत, आणि आंतरराष्ट्रीय परवाना मी निघण्याआधीच काढला होता. दुकानदारानं अनामत म्हणून पासपोर्ट मागितला. सुधीरनं तारण या विषयावर त्याला छोटंसं व्याख्यान दिलं आणि साक्षांकित प्रत पुढे केली. शेवटी रोख अनामतीवर तडजोड झाली. मग सुधीरनं स्कूटरच्या प्रत्येक ओरखड्याचा फोटो काढला आणि दुकानदाराला त्या यादीखाली सही करायला लावली. पावतीवरचं साल आपल्या सालाच्या ५४३ वर्षं पुढे होतं, कारण तिथे बुद्धाचा शक चालतो. त्यावरून पुन्हा दहा मिनिटं गेली. बेटावर जिकडेतिकडे गुडघ्याला, कोपराला, पोटरीला पांढरी पट्टी बांधलेली पोरं दिसतात. सायलेन्सरवर भाजलेल्या पोटरीला तिथे 'थाई टॅटू' म्हणतात. त्या पोरांमधून मी नवऱ्याला मागे बसवून, हॉर्न न वाजवता, शांतपणे जात होते. सुधीर मागून "जरा हळू" एवढंच म्हणत होता, ते डोंबिवलीतही म्हणतो.

को ताओला लोक मुख्यतः जातात ते पाण्याखाली जायला. गल्लोगल्ली डायव्हिंगच्या शाळा आहेत. सुधीरनं दोघांचं नाव घातलं, तेव्हा शाळेतल्या मुलानं प्रकृतीची प्रश्नावली पुढे ठेवली. दमा आहे का, छातीत दुखतं का, पंचेचाळीसच्या पुढे आहात का, कुठली औषधं घेता. आमच्या वयाच्या माणसाला असे प्रश्न फार दिवसांत कुणी आपुलकीनं विचारलेले नसतात. सुधीरनं 'हो/नाही'च्या चौकटीबाहेर, समासात, तारखांसकट लिहिलं. ते वाचून मुलानं त्याला दवाखान्यात पाठवलं. दवाखान्यात, पट्ट्या बांधून घ्यायला बसलेल्या पोरांच्या रांगेत, सुधीरचा रक्तदाब मोजला गेला आणि डॉक्टरांनी मान हलवली. वयाची चौकट सोडली तर माझ्या सगळ्या चौकटींत 'नाही' होतं. त्यामुळे ज्याला पाण्याखाली जायचं होतं तो माझी पर्स धरून बोटीत बसला आणि जिला फक्त किनाऱ्यावर बसायचं होतं ती सिलिंडर पाठीवर घेऊन पाण्यात उतरली.

"तारकर्लीत निम्म्या पैशात होतं हे," सुधीर वरून म्हणाला. मला तोंडातली नळी काढता येत नव्हती. त्याचे ते दहा बाट बुडाले.

नांग युआन नावाची तीन चिमुकली बेटं पांढऱ्या वाळूच्या पट्ट्यानं जोडलेली आहेत. तिथे प्लॅस्टिकच्या बाटल्या नेऊ देत नाहीत, माझी स्टीलची बाटली मात्र मानानं आत गेली. त्यांच्या शेजारच्या 'जपानी बाग' नावाच्या उथळ जागी आम्ही उतरलो. पाण्याखाली बोलायचं ते खुणांनी. अंगठा वर म्हणजे 'छान' नव्हे, 'वर चला'. अख्खं आयुष्य व्हॉट्सअ‍ॅपवर अंगठे दाखवण्यात गेलेल्या माणसाला तो हात आवरणं किती जड जातं ते विचारू नका, कारण खाली जे काही होतं त्याला दुसरं काय दाखवावं हे सुचत नव्हतं. निळे-हिरवे पोपटमासे प्रवाळ चावत होते, आणि त्यांच्या दातांचा कुरकुर आवाज मला स्वच्छ ऐकू येत होता. हे मासे प्रवाळ खातात आणि मागून वाळू टाकतात. ज्या पांढऱ्या वाळूवर लोक टॉवेल पसरून जागा धरतात, तिच्यात त्यांचा किती वाटा आहे हे मी हॅम्बुर्गच्या बाईंना सांगितलं नाही.

एकदा शिकवणारा मुलगा एकदम थांबला आणि हातानं 'आडवं चला, आडवं' करू लागला. पुढे टायटन ट्रिगरफिश होता. हा हातभर लांब, दातेरी मासा अंडी घातली की आपल्या घरट्याच्या वरची, शंकूसारखी रुंद होत जाणारी सगळी जागा स्वतःची समजतो, थेट पृष्ठभागापर्यंत. म्हणून घाबरून वर पळालात तरी तुम्ही त्याच्याच हद्दीत. आमच्या सोसायटीत पार्किंगवरून भांडणारे एक काका आहेत, त्यांचीही हद्द अशीच वरच्या मजल्यांपर्यंत पसरत जाते. मी त्या माशाला ओळखीचं हसले आणि आडवी झाले.

बाकी मासे मी कसे पाहिले हे खरं सांगायचं तर कोकणी डोळ्यांनी. तो तळायचा, तो कालवणाचा, ही तांबोशी, हिचं डोकं आमटीत. श्रावणात बघायला हरकत नसते. वर आले तेव्हा सुधीरनं विचारलं, "काय काय होतं?" मी सांगायला तोंड उघडलं आणि लक्षात आलं की त्या पाऊण तासात मला कुणी एकही प्रश्न विचारला नव्हता. म्हटलं, "बरंच काही," आणि टॉवेल घेतला. बोटीतून येईपर्यंत तो पर्स घट्ट धरून बसला होता.

संध्याकाळचं लवकर उरकतं. किनाऱ्यावर मुलं पेटते गोळे फिरवतात आणि बाकीचे बादलीतून पितात. बादलीभर दारू ही आपल्याकडे बोलायची पद्धत आहे, तिथे ते मेनूकार्डावर असतं. लहान मुलांच्या वाळूत खेळायच्या प्लॅस्टिकच्या बादलीत दारू, सोडा, बर्फ आणि चारपाच स्ट्रॉ. आम्ही ते पाहायला गेलो आणि साडेनऊला परत आलो. वाटेत मसाज. थाई मालिश २०१९ साली युनेस्कोच्या वारशाच्या यादीत गेली आहे. सुधीरच्या निम्म्या वजनाची बाई त्याच्या पाठीवर गुडघे टेकून उभी राहिली, त्याचे दोन्ही हात मागे ओढून तिनं त्याचं धनुष्य केलं, आणि त्याच्या पाठीतून असा कडाकडा आवाज आला की शेजारच्या गादीवरून मी उठून बसले. तो मात्र डोळे मिटून म्हणाला, "एसटीत तीस वर्षांपूर्वी भरलेली उसण होती ती. सुटली." एसटीला दंड लावायचा की नाही यावर मी बराच विचार केला आणि सोडून दिला.

निघायच्या सकाळी हॅम्बुर्गचं जोडपं धक्क्यावर भेटलं. ते को फांगनला चालले होते. बाईंनी विचारलं की डिसेंबरात भारतात यायचा विचार आहे, गोव्यात फार गर्दी असते म्हणतात, तर अशी एखादी जागा आहे का, समुद्र आहे, नारळ आहेत, आणि कुणाला फारशी माहीत नाही?

सुधीरनं माझ्याकडे बघितलं. त्याचे ओठ थरथरत होते.

"बोल," मी म्हणाले. "आज माफ."

मग जे सुटलं ते बोटीचा भोंगा होईपर्यंत थांबलं नाही. स्कूटरच्या पावतीच्या पाठीमागे त्यानं दापोलीपासून तारकर्लीपर्यंतचा किनारा काढला, हर्णेचा संध्याकाळचा मासळीचा लिलाव काढला, आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती काढला, लाल एसटीचं चित्र काढलं आणि खिडकीतून रुमाल कसा टाकायचा हे जर्मन गृहस्थांना प्रात्यक्षिक करून दाखवलं. ते त्यांना लगेच जमलं. बाईंनी विचारलं, तिकडे हॉस्टेल वगैरे?

"हॉस्टेल कशाला?" सुधीर म्हणाला. "माझी बहीण आहे ना दापोलीला." आणि मी अडवायच्या आत त्यानं फोन लावला.

शालूताईंनी सगळं ऐकून घेतलं. "जर्मनीचे? दोघंच ना? मग येऊ देत की, माडीवरची खोली रिकामीच आहे. पंखा आहे म्हणावं, एसी नाही."

"त्यांना पंखाच हवा असतो ताई."

"आणि मासे खातात का रे?"

"म्हणजे काय! मी हर्णेचं सांगितलंय त्यांना."

"मग गुरुवार सोडून यायला सांग. मार्गशीर्ष असतो."

सुधीरनं फोनवर हात ठेवून बाईंना हे जमेल तसं समजावलं. त्यांनी काही विचारलं नाही. बॅगेतून डायरी काढली, डिसेंबरचं पान उघडलं, आणि एकेका गुरुवारावर फुली मारत गेल्या.